किलवरच्या जागी जोकर

आई, तुझ्या पत्त्यांत एक पान कमी होतं. कॅटाबद्दल नाही बोलत मी. कॅटातली किलवरची सत्ती हरवली होती हे अख्ख्या मंडईला ठाऊक होतं. तिच्या जागी तू जोकरावर बॉलपेनाने सात आकडा आणि तीन गोळ्यांचं किलवर काढून ठेवलं होतंस, आणि तो जोकर पडला की शेजारची कोथिंबीरवाली मावशी दर वेळी म्हणायची, "आली बाई तुझी बहुरूपी." मी बोलतोय ते तुझ्या दुसऱ्या पत्त्यांबद्दल, जे तू रानात खेळायचीस. त्यातलं कमी असलेलं पान मला या थंडीत सापडलं. असली गोष्ट आधी तुला सांगायची असते, आणि तू नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. कॉलेज सुटल्यापासून एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा गाडी मध्येच कुठे वळली तर सांभाळून घे.

दुपारची मंडई अजून माझ्या नाकात आहे. सकाळची गर्दी ओसरलीय, खाली कोबीची पानं तुडवलेली, वर पंखा आहे पण तो आपल्यासाठी फिरत नाही. तू गोणपाट झटकतेस, उरलेल्या जुड्यांवर पाणी मारतेस आणि कमरेच्या पिशवीतून कॅट काढतेस. समोर मावशी, डावीकडे लिंबंवाली, उजवीकडे दर वेळी वेगळंच कुणीतरी. शाळा सुटून मी दप्तरासकट तुझ्या पाठीला टेकून बसलोय आणि तुझ्या खांद्यावरून तुझी पानं बघतोय, पण तोंडावर काही दाखवायचं नाही असा तुझा हुकूम आहे. तेवढ्यात पेठेतल्या एक बाई येतात, चष्मा नाकावर, पिशवी काखेत. "मेथी कशी हो?" तू पत्त्यांवरून नजर न काढता म्हणतेस, "कडू." बाई थबकतात. तू पान टाकतेस, हात उचलतेस आणि मग म्हणतेस, "घ्यायची असंल तर उचला, माझी दश्शी अडकलीय." त्या बाई पुढे कित्येक वर्षं तुझ्याकडेच येत राहिल्या. मला त्या वयातही कळायचं की आपली आई कुणापुढे वाकत नाही, आणि मी दप्तर जरा ताठ बसून धरायचो.

रानात मात्र तुझा खेळ वेगळा. तीन पानांचं, पिवळ्या फुलाचं, वीतभर काहीही दिसलं की तू ते खुडून माझ्या डोळ्यांसमोर धरायचीस. "बोल, बदाम हाय का किलवर?" आंबुशीची तिन्ही पानं बदामासारखी, टोकाला खोल खाच आणि मधोमध घडी, ती बदाम. ती तोंडात टाकायची, आंबट लागते. रानमेथीची पानं लांबट, कडेला बारीक दाते, पिवळी इवली फुलं देठावर माळेसारखी ओवलेली, आणि वाळली की गोड गवताचा वास. ती किलवर. ती मुळासकट उपटून बांधावर टाकायची, कारण जुडीत एक काडी जरी गेली तरी गिऱ्हाईक पिवळं फूल बघून म्हणणार, मेथी जून झाली. मी एकदा विचारलं होतं की मग आपली मेथी कुठलं पान. तू खुरपं थांबवून माझ्याकडे असं बघितलंस की मीच काहीतरी विसरलोय. "ती पान न्हाई. ती हुकूम हाय."

माझं डोकं तुझ्यावरच गेलंय असं सगळे म्हणतात. फरक एवढाच की तुझं तापायचं आणि हात थंड राहायचे. माझं तापतं आणि हातही तापतात. चौथीत असताना चुलतभावाने मला सगळ्यांसमोर ढकललं म्हणून मी तणतणत रानात आलो आणि तुला मदत म्हणून खुरपायला बसलो. कोवळी मेथी आणि कोवळी रानमेथी म्हणजे जुळ्या बहिणी, फूल येईपर्यंत ओळखायला तुझे डोळे लागतात. मी दोघींनाही उपटत सुटलो. अख्खा वाफा मोकळा झाला तेव्हा तू आलीस. मारशील असं वाटलं होतं. तू मला बांधावर बसवलंस, पदराला हात पुसलेस, कॅट काढलास आणि दोघांतच चौघांची पानं वाटलीस. पहिल्याच हाताला मी माझा हुकमाचा एक्का टाकला.

"राग आला म्हणून टाकला?"

"हो."

"आता खरा राग यील तवा काय टाकशील?"

बस्स, एवढंच. नंतर तू उठून त्या मोकळ्या वाफ्यात परत बी फोकलंस, आणि मी उरलेली पानं हातात धरून बसून राहिलो. तो प्रश्न माझ्या अंगात अजून आहे, आई. कधी उपयोगाला येतो, कधी येत नाही.

आपलं गाव शहरात गेलं तेव्हा भावकीने जमिनी दिल्या आणि बाबाही सही करून मोकळे झाले. कॅनॉलकडची पट्टी तेवढी तू सोडली नाहीस. बिल्डरचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गोड बोलत होता, की वहिनी, चारी बाजूंनी इमारती आल्यावर मध्ये तुम्ही मेथी लावणार का. तू म्हणालीस, "मग त्या इमारतीतली मानसं काय शिमेट खानार हायेत का?" आज चारी बाजूंनी टॉवर आहेत. पट्टीवर ऊन यायला दहा वाजतात, आणि तिथली माणसं खिडकीतून ओरडून विचारतात, आज पालक आहे का. तू हे ऐकायला हवं होतंस. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. त्या दिवसांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

कॉलेजचं सांगतो. बी.एस्सी.ला घेतलं होतं, वनस्पतीच. मन लागायचं, खोटं नाही. पण मेथीची तोडणी पहाटे, प्रॅक्टिकल सकाळी, आणि ओली जुडी कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या वर्षी हजेरीवरून सरांनी वर्गासमोर उभं केलं. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. "एकदाचं ठरव, कॉलेज करायचंय की मेथी विकायचीय?" मी म्हणालो, "मेथी." वर्ग हसला, मी दप्तर उचललं आणि निघालो. हुकूम रागातच टाकला, हो. पण आई, टाकलेलं पान मी परत मागितलं नाही. बाबांनी जुना टेम्पो घेऊन दिला, काही न बोलता, त्यांच्या पद्धतीने. मागच्या फळीवर मी तुझा शब्द रंगवून घेतलाय, मोठ्या हिरव्या अक्षरांत: कडू. लोक थांबून विचारतात, हे काय नाव झालं. मी म्हणतो, मेथी घेऊन बघा.

आता मुख्य गोष्ट. टेम्पो आठवड्यातून तीनदा कर्वेनगरला जातो. तिथे एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर ती राहते. कंपनीत काम करते, बरेच दिवस घरूनच, कानाला हेडफोन लावून खाली येते आणि एका हाताने जुडी उलटीपालटी करून बघते, अगदी तुझ्या त्या पेठेतल्या बाईंसारखी. पहिल्या दिवशी मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो आणि मागच्या काकांना पालकाऐवजी चुका दिला. ऑर्डरसाठी माझा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दिवाळीनंतर एकदा तिचा वेगळा मेसेज आला. "भाजीवाले दादा, एक विचारू?" त्या 'दादा'ने माझा अर्धा दिवस खाल्ला. खाली फोटो होता. कुंडी, त्यात पिवळ्या फुलांचं तीनपानी रोपटं. "लकी क्लोव्हरच्या बिया ऑनलाइन मागवल्या होत्या. चार पानांचा शोधतेय. हे क्लोव्हरच आहे ना?" मी फोटो मोठा करून बघितला. आंबुशी. बिया बिचाऱ्या उगवल्याच नव्हत्या, मातीतली आंबुशी वर आली होती. मी लिहिलं, "किलवर नाही. बदाम आहे."

पलीकडे टायपिंग सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. मग आलं, "कोणाचा?"

"आंबुशीचा."

मी टेम्पो बाजूला घेऊन उभा. "आंबुशी कोण?"

"तुमच्या कुंडीत आहे ती."

यावर तिचा आवाजी मेसेज आला, आणि त्यात नुसतं हसणं होतं. हसता हसता एकदा ठसका लागलेलाही ऐकू आला. त्या हसण्यात 'दादा' वाहून गेला, तो परत आला नाही.

पुढच्या वेळी ती कुंडी घेऊन खाली आली. मी तिला तुझे पत्ते समजावले, बदाम आणि किलवर, आणि आंबुशीचं एक पान चाखायला दिलं. डोळे बारीक करून ती म्हणाली, "थांब. किलवर म्हणजे क्लोव्हरच की." मी कधी विचारच केला नव्हता. तिने फोनवर शोधून दाखवलं. तो शब्द पत्त्यांबरोबर बोटीतून आला म्हणे, आणि पत्त्यावरची ती तीन गोळ्यांची खूण म्हणजे तेच पान. खऱ्या पिवळ्या क्लोव्हरचा फोटोही दाखवला. करंगळीच्या नखाएवढा पिवळा गेंद, आणि फूल वाळलं तरी गळत नाही, तपकिरी होऊन तिथेच लोंबत राहतं. तसलं आपल्या पट्टीत मी कधी पाहिलेलं नाही. पण तू ते पाहिलेलं नसतानाही त्याच्या भावकीतल्या रानमेथीला त्याच्याच नावाने हाक मारत होतीस, गोणपाटावर बसून. हे तिला सांगताना माझी छाती इतकी फुगली की ती म्हणाली, "श्वास सोड."

मग मी कारणं काढायला लागलो. तिची माती चांगली नाही म्हणून पट्टीतली बादलीभर माती नेऊन दिली. रानमेथी बघायचीय म्हणाली म्हणून तण खास जपून नेलं, मुळाला ओलं फडकं गुंडाळून. तुझा मुलगा तण घरपोच करत होता, आई. तिचे वडील निवृत्त आहेत, आयुष्य बँकेत गेलं, आणि ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचतात असं मला वाटायचं. ते वर्तमानपत्राच्या वरून वाचत होते, मला. एक दिवस स्वतः खाली आले. "जुड्या घरापर्यंत यायला लागल्या. भाजीवाले कधी यायचेत?" मी फळीवरच्या जुड्या सारख्या करायला लागलो. "शिक्षण?" म्हणाले. मी सांगितलं, बी.एस्सी., दुसऱ्या वर्षी सोडलं. "सोडलं की सुटलं?" "सोडलं." "वा. म्हणजे निर्णयक्षमता आहे." आणि जुडीतली एक पिवळी काडी काढून माझ्या हातात देत, अगदी शांतपणे, "अर्धवट सोडायची सवय फक्त शिक्षणापुरतीच आहे की सगळ्याच बाबतीत?"

ते त्यांच्या मुलीबद्दल विचारत होते हे कळायला मला पदवी लागली नाही. कान गरम झाले. तिला सांगितलं, वाटलं ती चिडेल बापावर. ती म्हणाली, "बाबा खोचक बोलतात. पण चुकीचं नाही विचारलं त्यांनी. मलाही उत्तर हवंय." मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. म्हणजे द्यायला तयार होतो, पण शब्दांनी देण्याजोगं ते नव्हतं.

आणि मग ते पान आलं. जानेवारीत तिच्या त्या कुंडीत, आपल्या पट्टीच्या मातीतून, एक रोप उगवलं. उभं न वाढता मातीवर लोळणारं. पानं तीन, फुलं पिवळी, पण माळ नाही, दोन-तीनचा घोस. ती कुंडी टेम्पोच्या फळीवर ठेवून तुझ्यासारखंच म्हणाली, "बदाम की किलवर?"

मी बघितलं न बघितलं आणि म्हणालो, "किलवर. रानमेथी."

"पण टोकाला खाच आहे की, जराशी."

"दाते असले की किलवर. आई तसंच सांगायची."

"मग आईंचंही कधी चुकत असेल."

साधं बोलली ती, आई. आईंचं म्हणाली, मान देऊन म्हणाली. पण माझं सटकलं. तिला म्हणालो, मातीत कधी हात घातलायस का, ऑनलाइन बिया मागवणारीने माझ्या आईचं चुकलं म्हणू नये. आणखीही बोललो. ती कुंडी उचलून वर गेली आणि मी पुढचे किती तरी फेरे त्या गल्लीत टेम्पो नेलाच नाही. तिथले काका फोन करून ओरडायचे, मी म्हणायचो, गाडी बिघडलीय. तिचा एक फोटो आला, त्याच रोपाचा. फूल गळून तिथे हिरवं फळ धरलं होतं, जिलबीसारखं गोल गोल वळलेलं, वरून काटे. खाली लिहिलं होतं, "रानमेथीला असं येतं?" रानमेथीला असं येत नाही. तिला बारीक गोल दाणा येतो, हे मला झोपेतही माहीत आहे. मी उत्तर दिलं नाही. आठवडा गेला आणि एकच ओळ आली. "हेही अर्धवटच सोडणार का?"

ती ओळ वाचली तेव्हा मी पट्टीवरच होतो. राग यायची वाट बघत उभा राहिलो. आला नाही. उलट तुझा आवाज आला, आता खरा राग यील तवा काय टाकशील. हातात काहीच शिल्लक नव्हतं. मग मी गुडघ्यांवर बसलो आणि पाटाच्या कडेने, बांधाच्या गवतातून, एकेक तीनपानी बोटाने उचलून बघत निघालो. आंबुशी, आंबुशी, रानमेथी, आंबुशी. आणि बांधाच्या पायथ्याला, गवताखाली, तेच. लोळणारं, खाच असलेलं, दाते असलेलं, ना धड बदाम ना धड किलवर. आपल्याच पट्टीत, इतकी वर्षं. उठून उभा राहिलो आणि खाली बघितलं तर दोन्ही मोजे काट्यांनी भरलेले. वळलेल्या, काटेरी गोळ्या. आणि तिथेच मला तू दिसलीस.

संध्याकाळ आहे, तू बांधावर पाय पसरून बसलीयस, लुगड्याचा काठ मांडीवर घेऊन त्यातल्या ह्याच गोळ्या एकेक करून काढतेयस. "आली बया चिकटायला," म्हणतेस, आणि मी बघत नसताना एक माझ्या केसांत लावतेस. रोज. म्हणजे ही तुला माहीत होती. फळात आली की ती तुझी चिकटी बया, आणि वाफ्यात फुलात दिसली की तू तिला किलवर म्हणून उपटून टाकायचीस, त्यामुळे तिला तुझ्या वाफ्यात फळ धरायला कधी मिळालंच नाही. चुकलीस असं मी म्हणणार नाही. तू तिला दोन नावांनी ओळखत होतीस, आणि दोन्ही नावं एकीचीच आहेत हे बघायला तिला वाफ्यात वाढू द्यावं लागलं असतं. तुझ्यासारखी खुरपणारी बाई ते कशाला करेल. ते कुंडीत तण जपणाऱ्या मुलीलाच जमणार होतं.

मी मोजे तसेच ठेवले. टेम्पो काढला, कर्वेनगर गाठलं, चार मजले चढलो. दार तिच्या वडिलांनी उघडलं.

"आज भाजीचा वार नाही."

"भाजी नाही आणली."

"मग?"

"मोजे दाखवायचेत."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "या दारात लोकांनी बरंच काही दाखवायला आणलंय. मोजे पहिल्यांदाच."

आतून ती आली. मी तिथेच उंबऱ्याबाहेर वाकलो, मोज्यावरची एक गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने गॅलरीतून कुंडी आणली, फळ शेजारी धरलं. तीच. मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. आईचंही होतं, पण अर्धं. उरलेलं तू बघितलंस." आणि चिकटी बयेची गोष्ट सांगितली, लुगड्याच्या काठासकट. वडील दाराला हात लावून उभेच होते, ना आत घेत ना बाहेर काढत. ती गोळी चिमटीत फिरवत म्हणाली, "मग हे कुठलं पान?"

मला तुझा तो कॅट आठवला. बॉलपेनाने काढलेलं किलवर. "जोकर," मी म्हणालो. "किलवरच्या जागी बसलेला."

"तो तर आमच्या दारातच उभा आहे," तिचे वडील म्हणाले.

आई, तोंडात उत्तर तयार होतं. चांगलं होतं, त्यांना पुरून उरलं असतं, तुलासुद्धा आवडलं असतं. मी ते टाकलं नाही. जिभेखाली धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "जोकर कुठेही चालतो, बाबा."

"रमीत. मेंढीकोटात चालत नाही."

"आमच्या मंडईत चालतो," मी म्हणालो.

ते पहिल्यांदा मला वरून खालपर्यंत न बघता नुसतं बघायला लागले. "मेंढीकोट येतं?"

"आईने शिकवलंय."

"मग बसा. आमच्या घरात चौथा नाही म्हणून कॅट वर्षभर कपाटात पडलाय."

आतून तिची आई म्हणाली, "आधी ते मोजे बाहेर काढा, माझ्या सतरंजीला नकोत."

मी आणि तिचे वडील भिडू, त्या दोघी एकीकडे. मी अनवाणी, सतरंजीवर, पाठ ताठ, तोंडावर काही न दाखवता. शेवटचे दोन हात राहिले तेव्हा त्या दोघींकडे एक दश्शी होती आणि माझ्याकडे हुकमाची दुर्री. सगळ्यांना वाटलं हुकूम कधीच संपले. मी ती दुर्री टाकली आणि दश्शी उचलली. तिचे वडील ती दुर्री उलटीपालटी करून बघू लागले. "एवढा वेळ दाबून ठेवलात," म्हणाले. "वरून तसं वाटत नाही." मग पत्ते पिसताना, माझ्याकडे न बघता, "बी.एस्सी.च्या परीक्षेचं काय?"

"बघतो."

"पुण्यात 'बघतो' म्हणजे 'नाही'."

"मग देतो. पण तोडणी झाल्यावर. मेथी सोडणार नाही."

"मेथी सोडा असं कोण म्हणालं," ते म्हणाले. "अर्धवट सोडू नका म्हणालो. दोन्ही." आणि पानं वाटायला घेतली. रविवारी परत या असं कुणी मला सांगितलं नाही. पण निघताना कॅट कपाटात गेला नाही, टीव्हीशेजारी राहिला. तुला कळेल याचा अर्थ.

मुक्त विद्यापीठातून परीक्षा द्यायचं बघतोय. म्हणजे देतोय. बांधाच्या पायथ्याचं ते जोकराचं रोप मी खुरपलेलं नाही, त्याला फळं धरू देतोय, आणि ती रविवारी पट्टीवर येणार आहे तेव्हा तिच्या केसांत एक लावायची माझी हिंमत होते का बघू. टॉवरमधली माणसं खिडकीतून विचारतात, तिथे काय शोधता रोज. मी सांगतो, आईचे पत्ते पुरे करतोय. त्यांना वाटतं पोरगा जरा सरकलाय. वाटू दे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार. सुरळी करून केळीच्या सोपटाने बांधतो, जुडीसारखं, आणि तुझ्या कमरेच्या पिशवीत ठेवतो, कॅटाशेजारी. एवढंच राहिलं. तो पहिला मेसेज आहे ना, बदाम आहे म्हणून. ती अजून तो सगळ्यांना वाचून दाखवते, की बघा, हा वेडा झाडाबद्दल बोलत होता आणि मला काय वाटलं. घरात सगळे हसतात, मीही हसतो आणि म्हणतो, मला काय माहीत तुला असं वाटेल. आई, तू माझ्या खांद्याआडून माझं तोंड बघितलं असतंस तर लगेच ओळखलं असतंस. आंबुशी लिहायला मला एक शब्द पुरला असता. मी विचार करून बदाम लिहिलं. तिला सांगितलेलं नाही. राखून ठेवलंय.